घरटी एक माणूस

अक्का, जबाब द्यायचा राहून गेला आणि तुम्ही चालत्या झालात. जमादार सोमवारी चावडीवर येणार, हे गावभर सांगत तुम्हीच फिरलात, आणि शनिवारी सकाळी ‘जराशी टेकस’ म्हणून ओट्यावर बसलात, त्या बसलातच. लोक म्हणतात, पुण्यवान बाई, हाल झाले नाहीत. मी म्हणते, कसलं पुण्य आणि कसलं काय! एवढं मोठं भांडण अर्ध्यावर टाकून उठायचं, ही काय रीत झाली?

तेरावं झालं, पाहुणे पांगले. घरात आता मी आहे आणि खुंटीला अडकवलेली तुमची टोपली आहे. मी तुमची सून, पण सगळ्या गावासारखी मीही तुम्हाला अक्काच म्हणायचे. ‘तू शाळामा बोल, घरमा मी बोलसू,’ असं म्हणून तुम्ही मला गप्प करायचात. आता घरात बोलायला मीच उरले आहे. तेव्हा ऐका, आणि मधे बोलू नका.

गावात काय चाललंय ते आधी सांगते. म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला होता. पोटच्या पोराला मारणाऱ्याला सोडवायला निघाली, म्हणजे डोकं ठिकाणावर नसणारच. यात पुढे कोण, तर आपले रघुभाऊ, यांचे चुलतभाऊ. पारावर बसून टोपी सावरत सावरत सांगत होते. ती त्यांची टोपी! लग्नात, पंगतीत, तेराव्याला, कधीही उतरत नाही. माझ्या शाळेतली पोरं म्हणतात, भाऊ टोपीसकटच जन्मले. मी शाळेतून घरी येत होते, थांबले आणि म्हणाले, ‘भाऊ, अक्काचं डोकं मरेपर्यंत ठिकाणावर होतं. तुमचं कुठे असतं ते तुम्ही बघा.’ तुम्ही असतात तर चारचौघांत मला दटावलं असतंत आणि घरात आल्यावर तोंडाला पदर लावून हसला असतात.

स्वराज्य आल्यावर एक उन्हाळा गेला होता. आपल्या पांझराकाठची फडाची, म्हणजे एका पाटावरच्या सगळ्या शेतांची, रीत मला तेव्हा नुकती कुठे कळू लागली होती. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येणार, सगळ्यांच्या शेतांना पाळीपाळीने मिळणार, पण पाट फोडायचा आणि बांधायचा तो पाटकऱ्यानेच. बाकी कुणी पाण्याला हात लावायचा नाही, मग तो पाटील असो की पाटलाचा बाप. मी धरणगावकडची, कापसाच्या काळ्या रानातली. तुम्ही मला चिडवायचात, ‘तुमले कापूसवाला लोकेसले पानीनी किंमत काय कये!’ आणि मग ती किंमत मला कळली. हे पाटकरी होते. बापाचा ऊस वाळतोय म्हणून फडातल्याच सुकदेवने भर सकाळी, पाळी नसताना पाट फोडला. हे आडवे गेले. त्याने हातातलं फावडं यांच्या डोक्यात घातलं. एकच घाव. फावडं तिथेच टाकून तो ज्वारीत लपला, आणि दुपारी त्याच्या बापानेच त्याला धरून चावडीवर आणला.

हे सव्वीस वर्षांचे होते आणि तो एकोणीसचा.

धुळ्याला कोर्टात त्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, आरोपीचं वय कच्चं आहे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कच्चं! कैरी आहे का ती? फावडं उचलायला कच्चं नव्हतं ते. तुम्ही तर बाकावरून उठलात आणि ओरडलात, ‘फाशी द्या त्याले! मना डोयासमोर द्या!’ शिपायाने तुम्हाला धरून खाली बसवलं. साहेबांनी वय बघून फाशी टाळली, जन्मठेप दिली. आपण दोघी गाडीतून परत आलो, आणि सगळ्या वाटेत तुम्ही माझा हात सोडला नाहीत. तेव्हा आपण दोघी एका बाजूला होतो, अक्का. हे विसरून चालणार नाही.

आणि तुम्ही माझ्यासाठी जे केलंत तेही मी विसरत नाही. लोक म्हणत होते, विधवा सून आहे, कोपऱ्यात बसू द्या. तुम्ही मला देवपूरला ट्रेनिंगला नेऊन सोडलंत. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. रघुभाऊ म्हणाले, ‘बाई शिकीसन काय कलेक्टर व्हयी?’ तुम्ही म्हणालात, ‘नही व्हवू दे. कोना अंगठाखाल ते ऱ्हावाव नही.’ मी मास्तरीण झाले ती तुमच्या जिद्दीवर. सासूचे गोडवे गाणारी सून कुणी पाहिली नसेल, तर मला पाहा म्हणावं.

पण मग ती रजेची भानगड आली.

पाट दरवर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, साफ करायचा, घरटी एक माणूस द्यायचा. गाळ निघाला नाही तर पाणी फडापर्यंत पोचत नाही, म्हणून यात कुणाला सुटका नाही. ज्या घराने माणूस दिला नाही त्याची पाळी शेवटची. आपल्या घरात माणूसच उरला नव्हता. गाव म्हणालं, अक्का, तुमचं राहू द्या, आम्ही सांभाळून घेऊ. तुम्हाला ते सांभाळून घेणं झेपलं नाही. नव्या पाटकऱ्याने यांच्या नावाने ‘दामूचं घर?’ म्हणून हाक दिली की टोपली घेऊन पुरुषांच्या रांगेत तुम्ही उभ्या, ‘मी शे’ म्हणत. कंबर मोडली, गुडघे गेले, पण उन्हाळा चुकला नाही. मी म्हणायचे, मी जाते. तुम्ही म्हणायचात, तू पोरं शिकव.

सुकदेव पहिल्यांदा रजेवर आला तो त्याची आई वारली म्हणून. सरकारी भाषेत त्याला पॅरोल म्हणतात. थोडे दिवस बाहेर सोडायचं, रोज पोलीस पाटलाकडे हजेरी, आणि मुदत संपली की पुन्हा आत. आला, केस दिले, गेला. आपण त्याचं तोंड पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आला तो नेमका पाट साफ करायच्या वेळी.

शाळेला सुट्टी होती, मी काठावर उभी होते. पाटकऱ्याने हाक दिली, ‘दामूचं घर?’ तुम्ही ‘मी शे’ म्हणाला नाहीत. सगळे वळून बघायला लागले. तुम्ही रांगेच्या शेवटाकडे बोट केलंत. तिथे तो उभा होता, बापाच्या मागे, मान खाली घालून. तुम्ही म्हणालात, ‘तुना बाप तुमना घरना शे. तू इकडे ये. मना घरना माणूस म्हनीसन उभा ऱ्हाय.’

तो आला. अंगात काही उरलं नव्हतं त्याच्या, मोठा माणूस झाला होता पण वाळलेला. त्याने टोपली उचलली. फावड्याला हात लावेना. टोपल्यांवर टोपल्या वाहत राहिला. तुम्ही बघत होतात. मग पाटात उतरलात, कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलंत आणि त्याच्यापुढे धरलंत. ‘काम फावडानं शे. धर.’ तो रडायला लागला. तुम्ही म्हणालात, ‘रडीसन पाटले पानी येत नही. धर.’ त्याने धरलं. आणि तुम्ही, अक्का, त्याच्याकडे पाठ करून खाली वाकलात आणि हातांनी गाळ टोपलीत भरायला लागलात. त्याच पाटात. फावडं घेतलेला तो मागे उभा, आणि तुमचं डोकं उघडं त्याच्या पुढे.

मी तिथून निघून आले. तुमच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही, तुम्हाला आठवतच असेल. तुम्ही तेव्हा मला एकदाही विचारलं नव्हतंत. पोरगा तुमचा होता, कबूल. पण कुंकू माझं होतं. घरचा माणूस म्हणून त्याला उभं करताना त्या घरात मीही राहते, हे तुमच्या लक्षातच आलं नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे. चुकलात तुम्ही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो रजा पाट साफ व्हायच्या वेळची मागू लागला. यायचा, आपल्या घरच्या नावाने राबायचा, आपल्या ओट्यावर पाय न ठेवता परत जायचा. आणि या वर्षी वरून विचारणा आली. गुन्हा करताना वय कोवळं होतं, आत वागणूक चांगली आहे, दर वेळी रजा संपताच हजर झाला आहे, तर त्याला आताच सोडावं का? गावची हरकत आहे का? मयताच्या घरची हरकत आहे का? मयताच्या घरची म्हणजे तुमची. तुम्ही म्हणालात, मी जबाब देसू.

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे होतात आणि मी तोंड सोडलं. म्हटलं, एकोणीस कच्चं, तर सव्वीस काय पिकून गळायला आलेलं होतं? हे जगले असते तर आज काय असते? आणि मी? मी बावीसची होते. माझ्या वयाकडे कोणत्या साहेबाने बघितलं? त्याला सुट्टी आहे, रजा आहे, सुटका आहे. मला कुठली रजा मिळाली?

तव्यावरची भाकर करपली तरी तुम्ही उलटली नाहीत. मग म्हणालात, ‘रघूनी टोपी कसाले उतरत नही, तुले माहीत शे का?’

मी म्हटलं, विषय बदलू नका.

‘इषय तोच शे,’ तुम्ही म्हणालात. आणि सांगितलंत. हे एकोणीसचे असताना, मी या घरात यायच्या आधी, याच पाटावर बैलांना पाणी पाजण्यावरून दोघा भावांचं जुंपलं होतं. यांनी कुऱ्हाडीचा दांडा रघुभाऊंच्या डोक्यात घातला. रघुभाऊ धुळ्याच्या दवाखान्यात कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हते. फौजदाराला घरच्यांनी सांगितलं, बैलाने मारलं. रघुभाऊ शुद्धीवर आल्यावर तेही म्हणाले, बैलाने मारलं. आणि पुढे फडाच्या बैठकीत त्यांनीच यांचं नाव पाटकरी म्हणून पुढे केलं. तापट आहे, पण खोटं करणार नाही, म्हणाले.

‘रघू जगना म्हनीसन मना दामू पाटकरी व्हयना,’ तुम्ही म्हणालात. ‘रघू मरता ते? मना दामूबी तठेच तुरुंगमा सडता. मंग मी कोना दारमा जाती?’

मी ओरडले, ‘खोटं!’ ताटावरून उठले. खोटं नव्हतं, ते मला खूण झाकणाऱ्या त्या टोपीवरून कळलं होतं, पण म्हणून काय झालं? माझ्याजवळ यांचं म्हणून काय होतं, तर पाटावर न्यायाने उभा राहिलेला माणूस. तोही तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात. मी म्हटलं, सोमवारी मी तुमच्याबरोबर येणार नाही. तुम्ही म्हणालात, ‘येवू नको. पन भाकर ते खाई ले.’

मी खाल्ली नाही. सकाळी तुम्ही गेलात. आता एकटीपुरती भाकर थापताना ते आठवतं हे खरं, पण त्या रागाची मला लाज वाटत नाही, अक्का. तो राग माझा आहे आणि मी तो कुणाच्या पायावर घालणार नाही, तुमच्याही नाही.

सुतक फिटल्यावर काल जमादार आला. चावडी भरली होती. पोलीस पाटील आबांनी मला निरोप पाठवला, पण मी पोचले तोवर रघुभाऊंनी सुरुवात केली होती. ‘आमनी हरकत शे. अक्का गयी. आते त्या घरना कर्ता माणूस मी शे.’ आणि का हरकत, तर आज याला सोडला की उद्या फडातलं प्रत्येक तरणं पोरगं पाटावर फावडं उगारेल. धाक राहिला पाहिजे. माना डोलल्या. खोटं कशाला बोलू, परवापर्यंत माझीही मान डोलली असती.

आबा म्हणाले, ‘बाईले इचारा.’ रघुभाऊ म्हणाले, ‘बाईमाणूस काय सांगी?’

मी उभी राहिले. पदर खोचला. म्हटलं, ‘भाऊ, टोपी काढा.’

कुणीतरी हसलं. भाऊंचा हात टोपीवर गेला आणि तिथेच राहिला.

‘तुमच्या डोक्यात कुणी मारलं होतं?’

‘बैलनी,’ भाऊ म्हणाले. इतक्या वर्षांची सवय.

‘त्या बैलाचं नाव मी सांगते,’ मी म्हटलं. ‘दामू. माझा नवरा दामू. एकोणीस वर्षांचा होता.’

लग्न झाल्यापासून यांचं नाव मी उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. मोठ्याने घेतलं, भर चावडीत. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, कारण त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘तुम्ही त्याला धाक घातला नाहीत. तुम्ही त्याच्या हातात सगळ्या फडाचं पाणी दिलंत. आणि तो तसूभर चुकला नाही. मग त्या वयाच्या माणसाला दुसरा जन्म देता येतो की नाही, हे मला विचारता? तुम्ही तर देऊन बसला आहात!’

भाऊंनी टोपी काढली नाही. पण डोळे भरले त्यांचे. हळूच म्हणाले, ‘मी जगनू ना, बाई. दामू मरी गया.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तेवढाच फरक आहे.’

खरंच होतं त्यांचं. हे मेले ते मेलेच. कुणाच्या वयाने ते परत येत नाहीत.

जमादाराने टाक उचलला. ‘म्हणजे बाई, हरकत नाही. मयताच्या पत्नीने माफ केलं, असं लिहितो.’

मी म्हटलं, ‘असं लिहाल तर सही करणार नाही.’

तो वैतागला. ‘मग लिहू काय?’

अक्का, तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत, मला माहीत आहे. ‘माफी कोन देस? मी काय देव शे का?’ असं काहीतरी म्हणून मोकळ्या झाल्या असतात. मला तसलं मोठं बोलता येत नाही. मी म्हटलं, ‘लिहा. आमच्या फडात घरटी एक माणूस द्यायची रीत आहे. आमच्या घरचा माणूस याने मारला. त्याची जागा याने भरायची. माझ्या सासूने ती त्याला नेमून दिली आहे. तुरुंगात बसून त्याला ती भरता येत नाही. म्हणून त्याला सोडा. मी माफ केलेलं नाही. त्याने जन्मभर यायचं आहे.’

जमादार आबांकडे बघायला लागला. आबा म्हणाले, ‘लिखी ल्या. बाई बरोबर सांगस.’ त्याने लिहिलं. मी वाचून घेतलं, दोन ठिकाणी त्याची भाषा सुधारायला लावली, आणि मग सही केली. अंगठा नाही, सही. यांच्या नावासकट. बाहेर पडताना रघुभाऊ दारात उभे होते. म्हणाले, ‘बाई, आखाजीनी घागर कोन भरी? अक्कानी पहिली घागर शे.’ मी म्हटलं, पितरांची घागर तुम्ही भरा, भाऊ, तुम्हीच अक्काचे पुतणे. ते रडत घरी गेले. मी नाही रडले. मला आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी रवा भिजवायचा होता.

सुटकेचा हुकूम केव्हा येईल, येईल की नाही, ते जमादारालाही ठाऊक नाही. वर बसलेल्यांना आपल्या पाटाची घाई नसते. तोवर आखाजी झाली की पाटकरी हाक देईल, ‘दामूचं घर?’ आणि तुमची टोपली घेऊन मी उभी राहीन. पोरांना सुट्टीच असते, आणि नसती तरी उभी राहिले असते. माझ्या शाळेसमोरूनच पाट जातो. तो सुटून आला तर रोज दिसणार, हेही मी समजून घेतलं आहे. दिसू दे.

पण एक सांगून ठेवते. त्याच्या हातात फावडं मी देणार नाही. ते तुमचं काम होतं, तुम्ही केलंत. त्याने आपल्या हाताने उचलायचं. आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिलात, मी तशी राहणार नाही. मी काठावर त्याच्याकडे तोंड करून उभी राहीन आणि शेवटची टोपली निघेपर्यंत बघत राहीन. एवढं माझं माझ्याजवळ राहू द्या, अक्का.